पपईवर पांढरा कापूस, त्यात पळणारे मोठे किडे: कोणते मारायचे, कोणते ठेवायचे?

सांदवाडी_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गाव हाय आमचं, घरामागं सांदवाडी हाय आणि विहिरीले पाणी हाय म्हणून उन्हाळ्यातही थोडंफार हिरवं राह्यते. पपईची झाडं, एक जाम (पेरू), मुनगा (शेवगा), कुंपणाले जासवंद, बाजूच्या वाफ्यात भेदरं (टोमॅटो), वांगे, सांभार (कोथिंबीर).

होळीच्या आधीपासून पपईच्या पानाखाली, देठाजवळ आणि आता फळावर सुद्धा पांढरा कापूस चिकटल्यावानी दिसून राह्यलं. हात लावला की चिकट, खालच्या पानांवर काळी काजळी धरली हाय आणि मुंगळ्यांची रांग सारखी खाली-वर चालू. मोबाईलवर मोठं करून पाह्यलं तं त्या कापसात बारीक पिवळसर किडे हायेत, ते जागचे हलत नाहीत. पण त्यातच काही चांगले मोठे हायेत, अंगावर लांब लांब पांढरे झुपके, अन ते भराभर पळतात. ही मोठी जात हाय का, का त्याच किड्याचे नर-मादी असं काही हाय?

जामाच्या पानाखाली वेगळंच, पांढऱ्या भुकटीची गोल गोल वळणं काढलेली अन बाजूले पांढऱ्या माश्या बसलेल्या. भेदऱ्याच्या पानावर वाळलेले चट्टे पडून राह्यले.

शेजारचे काका म्हणतात पऱ्हाटीचं औषध उरलं हाय ते मारून दे, एका फवाऱ्यात साफ होते. पण पपई लेकरं खातात, सासूबाईंना रोज सकाळी लागते, म्हणून मी थांबली. मले हे विचारायचं हाय की यातली आपल्याकडची जुनी कीड कोणती अन बाहेरून आलेली कोणती हे घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि बाहेरची निघाली तर कोणाले कळवायचं असते का. फोटो टाकले हायेत, पळणाऱ्याचा नीट नाही आला.

भाऊ_आर्णी

ताई, ते पऱ्हाटीचं औषध बिलकुल मारू नका. काका मोठे हायेत, त्यांचा मान ठेवून सांगा, पण मारू देऊ नका. कपाशीवर मारतो त्यातलं बरंचसं औषध भाजी-फळासाठी नसतेच, मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापराले बंदी हाय. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, ते तर मोकळ्या वावरात फवारत होते. तुमची सांदवाडी घराले लागून, बाजूले विहीर, लेकरं तिथंच खेळणार.

दुसरं म्हणजे हा पिठ्या ढेकूण दिसून राह्यला, याच्या अंगावर मेण असते, वरून मारलेलं पाणी घरंगळून जाते, म्हणजे कीड तशीच राह्यते अन बाकीचं सगळं मरते. नेमकी ओळख मले तेवढी जमत नाही, अकोल्याचे दादा इथं असतात ते सांगतीन.

कीटकनोंद_अकोला

ताई, सगळ्यात आधी एकच, ते पळणारे मोठे किडे मारू नका. फोटो हललेला आहे तरी अंगावरचे लांब मेणाचे झुपके आणि चाल बघून ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याची, अळी वाटते, क्रिप्टोलिमस किंवा त्याच्याच नात्यातला स्किमनस. दिसायला अगदी पिठ्या ढेकणासारखी, आणि खाते पिठ्या ढेकूणच. क्रिप्टोलिमसची अळी पूर्ण वाढली की सेंटीमीटरच्या वर जाते, पपईचा पिठ्या ढेकूण जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा. ढेकूण सोंड रुतवून रस पीत बसतो, हलवलं तरी आळसात सरकतो, अळी मात्र शिकार शोधत फिरते. एखादी काडीने उचलून डबीत टाका, सोबत ढेकूण लागलेला पानाचा तुकडा टाका आणि संध्याकाळी बघा, खाल्लेलं दिसेल. हिचा पुढं जो भुंगा होतो तो छोटा, काळपट तपकिरी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, तो दिसला तर खात्रीच.

आणखी एक पाहुणा असतो तो पण शोधा. स्पॅल्गिस नावाच्या लहानशा करड्या फुलपाखराची अळी, चपटी, गोगलगायीसारखी सरकणारी, अंगावर ढेकणाचंच पीठ माखलेलं. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पाला खातात, ही पिठ्या ढेकूण खाते आणि ही आपल्याच देशातली आहे. हिचा कोष खोडावर किंवा पानावर चिकटलेला असतो आणि त्याच्यावर हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं, एकदा पाहिलं की विसरणं नाही.

आता मूळ कीड. जास्त करून हा पपईचा पिठ्या ढेकूण, पॅराकोकस मार्जिनाटस, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोईम्बतूरला सापडला आणि दोन-तीन वर्षांत दक्षिणेत पपई, तुती, टॅपिओका यांची वाट लावून महाराष्ट्रात पण आला. ओळखायचं असं की अंग पिवळं, वर पांढरी पावडर पण इतकी जाड नाही की खालचा पिवळा रंग लपेल, चिरडला तर पिवळा रस, आणि अंडी पिवळट हिरवी, कापसासारख्या पिशवीत. अजून एक खूण म्हणजे मेडिकलमधून स्पिरिट आणायचं, लहान बाटलीत दोन-चार ढेकूण बुडवायचे, एक-दोन दिवसांत ते निळसर काळे पडतात. ही खूण एकटी धरू नका, बाकीच्या खुणांच्या जोडीला धरा.

जासवंदीवर असेल तर तो बहुधा वेगळा, कपाशीचा पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनोप्सिस. हा पण बाहेरचाच, उत्तर अमेरिकेचा, आणि आपल्या विदर्भात २००५ नंतरच्या त्या काही हंगामांत पऱ्हाटीवर केवढा माजला होता ते जुन्या शेतकऱ्यांना विचारा. हा आकाराने मोठा, पाठीवर मेण नसलेले काळे डाग असतात ते मिळून दोन पट्टे दिसतात. भेंडीवर, जासवंदीच्या शेंड्यावर आणि कुंपणाच्या गाजर गवतावर राहतो. म्हणून गाजर गवत उपटताना खोडाकडं बघत जा, ढेकूण तिथंच मुक्काम करून असतो.

ही कीड इकडं इतकी माजते त्याचं कारण मला नेहमी सांगावंसं वाटतं. आपली जुनी कीड घ्या, मावा घ्या, त्याच्या मागं इथले ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक), गांधीलमाश्या पिढ्यानपिढ्या लागलेल्या आहेत. बाहेरची कीड एखाद्या रोपावर, फळाच्या पेटीत बसून येते पण तिचे शत्रू तिकडंच राहतात. पपईच्या ढेकणावर आधी फवारण्या करून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. मग शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१० मध्ये पोर्टो रिकोवरून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या आणल्या, त्यातली असेरोफॅगस पपाये इतकी चांगली बसली की एका वर्षाच्या आत कीड आवाक्यात आली. माशी म्हणजे काय, मिलिमीटरपेक्षा लहान, पिवळट नारिंगी, चावत नाही, डोळ्याला धड दिसत पण नाही. ती पिल्लू ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि ढेकूण आतून पोखरला जाऊन फुगून तपकिरी कवच होतो, त्याला ममी म्हणतात. ताई, तुमच्या पानावर अशी फुगलेली तपकिरी टरफलं आणि त्याला बारीक भोक दिसतं का ते भिंगातून बघा. दिसलं तर माशी तुमच्या सांदवाडीत आहेच, आणि औषध मारलं तर आधी ती मरेल.

सांदवाडी_दारव्हा

दादा खूप खूप धन्यवाद, इतकं कोणी समजावून नाही सांगत. स्पिरिट आणते. मग आता करायचं काय, का तसंच ठेवायचं? मुंगळ्यांचं काय? अन जामाचं राहूनच गेलं.

कीटकनोंद_अकोला

तसंच नाही ठेवायचं ताई. ज्या पानांवर थरच्या थर आहे आणि मित्रकीटक एक पण दिसत नाही ती पानं कापा, जाड पॉलिथिनमध्ये घालून तोंड बांधा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आपल्याकडं एप्रिलच्या उन्हात आत काही वाचत नाही. धुऱ्यावर किंवा नाल्यात फेकू नका, पिल्लं वाऱ्यावर, पाण्यावर, मुंग्यांबरोबर दुसऱ्याच्या वावरात जातात. ज्या पानांवर झुपकेवाल्या अळ्या किंवा ममी आहेत ती राहू द्या.

बाकीच्या ठिकाणी नळीनं पाण्याचा जोरात फवारा पानाच्या खालून मारा, निम्मी कीड त्यानंच पडते. मग गरज वाटली तर निंबोळी अर्क ५ टक्के. ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करा, चिमूटभर साध्या साबणाचा चुरा टाका म्हणजे मेणावर चिकटेल. संध्याकाळी मारा, आधी दोन पानांवर मारून बघा, पपईचं पान नाजूक असतं.

मुंगळे फार महत्त्वाचे. ढेकूण जो गोड चिकटा सोडतो तो मुंगळे खातात, त्याच्या बदल्यात ढेकणाची राखण करतात, ढालकिड्याच्या अळीला आणि गांधीलमाशीला हाकलतात. ती काळी काजळी पण त्या चिकट्यावरच वाढते, पानाचा रोग नाही तो. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून पट्टीवर ग्रीस लावा, ग्रीस थेट खोडाला नको, साल खराब होते. आणि दुसऱ्या झाडाची फांदी किंवा दोरी पपईला टेकली नाही पाहिजे, नाहीतर मुंगळे तिथून चढतात.

संत्रा_वरुड

सगळं बरोबर आहे पण भाऊ एक सांगतो, एवढं भिंग घेऊन बघत बसायला शेतकऱ्याला वेळ कुठं असतो, सांदवाडीचं ठीक आहे. आमच्या संत्र्यावर कोळशी आली तेव्हा बाहेरची का इथली हे विचारत बसलो असतो तर बाग गेली असती.

कीटकनोंद_अकोला

दादा, बागेत फवारणी लागते ते मी नाकारत नाही, वेळेचं पण बरोबर आहे. पण कोळशीचीच गोष्ट सांगतो, मला वाटतं तुम्हाला आवडेल. कोळशी म्हणजे काळी माशी, ही आपल्याकडची, आशियातली कीड. ती १९१३ मध्ये जमैकात सापडली, १९३५ पर्यंत मेक्सिकोत गेली आणि तिकडच्या संत्रा-मोसंबीवाल्यांचं कंबरडं मोडलं. म्हणजे आपली कीड तिकडं परकी झाली. मग १९४९-५० च्या सुमारास त्यांची माणसं भारत-पाकिस्तानात आली, कोळशीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या इथून गोळा करून घेऊन गेली आणि मेक्सिकोत कोळशी आटोक्यात आली. तिचे शत्रू आपल्या मातीतच आहेत. म्हणून बागेत कोळशी दिसली की फवारायच्या आधी पानं पालटून पाहायची, कोशांवर गोल भोकं किती आहेत. भोक गोल असलं तर त्यातून गांधीलमाशी बाहेर पडली, आणि उभी-आडवी चीर असली तर पांढरी किंवा काळी माशी स्वतः बाहेर पडली. बागेत चार-पाच झाडांची पानं पालटायला पाव तास लागतो, एक फवारणी वाचली तर पैसे वाचले.

गुरुजी_हिंगणघाट

जामाबद्दल मी लिहितो, आमच्या शाळेच्या परसबागेत हे कायम असतं आणि मुलांना मी हेच दाखवतो. पानाखाली पांढऱ्या भुकटीची गोल वळणं म्हणजे चक्राकार पांढरी माशी. मादी अंडी घालत घालत फिरते आणि मेण सोडते त्याची ती वळणं. साधी पांढरी माशी, जी कपाशीवर असते, ती अशी वळणं काढत नाही आणि आकारानं पण लहान, साधारण एक मिलिमीटर. ही चक्राकार माशी पण मध्य अमेरिका-कॅरिबियनकडची, भारतात १९९३ मध्ये केरळात सापडली आणि जाम, पपई, मुनगा, केळी, शोभेची झाडं, शेकडो झाडांवर चालते.

तिचीच एक मोठी बहीण आहे, रुगोज पांढरी माशी. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला नारळावर सापडली. ती साध्या माशीच्या अडीच-तीन पट मोठी, सुस्त, आणि पंखांवर फिकट तपकिरी पट्टे. वळणं दोघी काढतात म्हणून नुसत्या वळणावरून ठरवू नका, माशीचा पंख बघा. नारळ असेल गावात तर त्याची खालची झावळी पालटून बघा. दोन्हीवर एन्कार्सिया नावाची गांधीलमाशी जगते, अकोल्याच्या भाऊंनी सांगितलं तसं गोल भोक शोधा. सांदवाडीतल्या एका जामाला पाण्याचा फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो.

वांग्याबद्दल एक सांगून ठेवतो कारण तिथं उलटा घोटाळा होतो. वांग्याच्या पानावर ठिपक्यांचा, तांबूस, मळकट रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला भुंगा दिसला तर तो पानं खरवडून जाळी करणारा भुंगा, तो इथलाच आहे पण शत्रू आहे. मावा खाणारा ठिपक्यांचा मित्र ढालकिडा चकचकीत असतो, अंगावर लव नसते आणि तो माव्याच्या आसपास फिरतो. मुलं ठिपके बघून दोघांना एकच समजतात, तुम्ही चमक बघा.

वैनी_उमरखेड

भेदऱ्याचं मी सांगते ताई, आमच्याकडं मागच्या वर्षी दोन्ही होतं. पानावर पांढरी नागमोडी रेघ वेडीवाकडी गेलेली असते ती नागअळी, ती पण मूळची अमेरिकेचीच म्हणतात पण आता तीसेक वर्षं झाली तिला इथं येऊन, झाड जोमात असलं तर फार बिघडत नाही, ती पानं तोडून टाकायची. पण तुम्ही चट्टे म्हणता, रेघ नाही, तर मग टुटा असू शकते, टोमॅटोवरची पाने पोखरणारी अळी. ती दक्षिण अमेरिकेतली, आपल्या देशात पहिल्यांदा २०१४ मध्ये आपल्याच राज्यात पुण्याकडं सापडली. पान उजेडाकडं धरून बघा, चट्ट्याच्या आत हिरवी किंवा गुलाबी झाक असलेली बारीक अळी आणि काळी विष्ठा दिसते. फळाला देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखी भोकं. घाटेअळीचं भोक मोठं असतं आणि अळी अर्धी बाहेर, अर्धी आत, त्यात गोंधळ होत नाही. टुटा असली तर पोखरलेली पानं-फळं रोज गोळा करायची, पिकलेलं संपलं की झाडं उभी नाही ठेवायची, उपटून टाकायची. आणि कामगंध सापळे मिळतात कृषी केंद्रात, टुटाचाच ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची गोळी, मागा, घाटेअळीचा वेगळा असतो.

भाऊ_आर्णी

मले एक शंका हाय दादा. बाहेरून आलेला किडा दिसला की मारायचाच असं धरलं तर चुकते का? आमच्याकडं पावसाळ्यात गाजर गवतावर पांढुरका, काळपट नागमोडी रेघा असलेला भुंगा लय होते, लोक म्हणतात हा तुरीवर जाईन, मारा.

कीटकनोंद_अकोला

भाऊ, तो नका मारू हात जोडून सांगतो. तो झायगोग्रामा, लोक मेक्सिकन भुंगा म्हणतात. गाजर गवत अमेरिकेतून आलं, १९५५ च्या आसपास पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं. त्याच्यावर उपाय म्हणून १९८४ मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून मुद्दाम बेंगळुरूला आणून सोडला. गाजर गवताचा पाला खाऊन झाड बोडकं करतो, अळ्या पण तेच खातात. पाऊस सुरू झाला की जमिनीतून वर येतो आणि हिवाळ्यात पुन्हा जमिनीत जातो. बांधावर दिसला तर त्या पट्ट्यात तणनाशक मारू नका. क्रिप्टोलिमसचं पण तसंच, तो ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणला. म्हणजे बाहेरचा एवढ्यावरून काही ठरत नाही, तो काय खातो ते बघायचं. कोणत्या झाडावर, पानाच्या वर का खाली, एकटा का घोळक्यात, बसून आहे का फिरतो, मुंग्या सोबत आहेत का, एवढं पाहिलं की निम्मी ओळख होते.

सांदवाडी_दारव्हा

मंडळी, सांगितलं तसं केलं. स्पिरिटमधले ढेकूण काळे निळे झाले, चिरडला तर पिवळाच रस, म्हणजे पपईचाच. झुपकेवाली अळी डबीत ठेवली होती, तिनं पानाचा तुकडा साफ करून टाकला, लेकरं शाळेतून आली की आधी डबी पाहतात. माकडाच्या तोंडाचा कोष सासूबाईंना सापडला देठाखाली, त्यांनीच हाक मारली मले. शेजारच्या काकांना पण दाखवला, ते बराच वेळ पाहत होते, म्हणाले औषध राहू दे मग.

भेदऱ्याचं पान उजेडात धरलं तं आत अळी हाय, काळं पण हाय. वैनी म्हणतात तेच असेल, सापळा आणते. जासवंदीच्या शेंड्यावर पाठीले काळे पट्टे असलेले निघाले, ते शेंडे कापून पिशवीत बांधले. आता हे कोणाले कळवायचं का अन सोबत काय न्यायचं ते सांगा.

कीटकनोंद_अकोला

हे सगळे आधीच नोंद झालेले आहेत म्हणून घाईनं कळवायची गरज नाही ताई. पण जे यातल्या कशातच बसत नाही, अचानक एका झाडावर झुंडीनं आलेलं, आधी कधी न पाहिलेलं, ते जरूर दाखवा. कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे तिथं किंवा आमच्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात. कपाशीवरचं असेल तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. फोन करायचा तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

जिवंत फांदी एसटीत घेऊन जाऊ नका, वाटेत पिल्लं पडत जातात. स्पिरिटच्या बाटलीत किडे टाका, मोठे-लहान दोन्ही, बाटलीवर झाडाचं नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आतच टाका, पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. फोटो काढताना पान पालटून काढा, बाजूला आगपेटीची काडी ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि पूर्ण झाडाचा एक वेगळा.

वैनी_उमरखेड

आणि ताई नर्सरीतून किंवा बाजारातून नवीन रोप आणलं तर लगेच सांदवाडीत लावू नका, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पंधरा दिवस वेगळं ठेवा, पानं पालटून आणि देठाच्या बेचक्यात बघा. जासवंदीचं कलम असलं तर शेंडा नक्की बघा.

संत्रा_वरुड

अकोल्याचे भाऊ, आज सकाळी कोळशीची पानं पालटली. गोल भोकंवाली बरीच निघाली. एक फोटो टाकतो आहे, उजवीकडची दोन चिरेची आहेत का भोकाची ते सांगाल का, मला भिंगातून नीट कळत नाही.

कीटकनोंद_अकोला

डावीकडची सगळी गोल आहेत दादा. उजवीकडच्या वरच्याला चीर आहे, खालचं अजून बंदच आहे. या बागेत आत्ता फवारू नका, आठ दिवसांनी त्याच झाडांची पानं पुन्हा पालटून फोटो टाका, मग ठरवू.